खरी नक्कल

गेल्या महिन्यातली गोष्ट. कसारा स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही रेशनकार्डाची प्रत काढायला उभे होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी कागदांची पिशवी छातीशी धरून आली आणि दुकानदाराला म्हणाली, "दादा, याच्या चार ओरिजिनल झेरॉक्स द्या."

आम्हाला हसू आले. ओरिजिनल म्हणजे मूळ, झेरॉक्स म्हणजे नक्कल. मूळ नक्कल कशी असेल? पण दुकानदाराला काही वावगे वाटले नाही. त्याने कागद काचेवर ठेवला आणि झाकण लावले. मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, हसता काय? मागच्या खेपेला झेरॉक्स पुसट होती म्हणून परत पाठवलं. शहापूरला जाऊन यायचं म्हणजे बाबांचा एक रोज बुडतो." आमचे हसू तिथेच विरले.

घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात राहिला. वाचकहो, आपल्या घरांत भांडी थोडी आणि कागद फार. पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, फ्रेमच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे कागद. त्यातले निम्मे कागद म्हणजे दुसऱ्या कागदांच्या नकला. म्हणून या वेळी या सदरात 'नक्कल' हाच शब्द घेतो. त्या मुलीची हकिगतही सांगायची आहे, कारण तिच्यामुळेच आम्हाला या शब्दाचा खरा अर्थ कळला.

'नक्कल' हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो दप्तरात शिरला आणि मराठीत घरचाच झाला. अरबीत 'नक्ल' म्हणजे एका जागेवरची वस्तू दुसऱ्या जागी नेणे. अरब देशांत आजही वाहतुकीला हाच शब्द आहे. आखातात ड्रायव्हरकी करून आलेल्या आपल्या मुलांनी तो ऐकला असेल. म्हणजे नक्कल करणे हे मुळात खोटे करणे नव्हे, ती वाहतूक आहे. एका कागदावरची अक्षरे उचलायची आणि वाटेत न सांडता दुसऱ्या कागदावर नेऊन ठेवायची.

आता आपला मराठी शब्द पाहा. सातबाराचा 'उतारा', शाळेच्या रजिस्टरचा 'उतारा'. हा शब्द 'उतरणे' यावरून आला. वरचे खाली आणायचे, 'उतरवून घ्यायचे'. कसाऱ्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. इगतपुरीकडून गाडी घाटाचा उतार उतरते, गाडीतला माणूस तो 'उतारू' आणि कचेरीतून हातात पडतो तो 'उतारा'. तिन्ही शब्द एकाच घरातले. अरबी शब्दाने जी कल्पना केली तीच मराठीने आपल्या परीने केली याची आम्हाला मौज वाटली. दोन्हींत नेणे आहे, बनावट कुठेच नाही.

मग 'नक्कल' या शब्दाला वाईट वास कधी लागला? त्याचा दुसरा अर्थ तमाशात आणि जलशात वाढला. सावकाराची नक्कल, पाटलाची नक्कल, भटजीची नक्कल. ती हसवायची, म्हणून जाणूनबुजून वाकडी करायची. पुढे बाजारात 'नकली' आले. नकली घड्याळ, नकली दागिना. आणि कागदाची नक्कल तेवढी या दोघांच्या शेजारी बिचारी होऊन बसली. 'डुप्लिकेट'चेही तेच झाले. मूळ अर्थ दुप्पट, दुसरा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला की शाळा 'डुप्लिकेट' देते आणि तो कायदेशीर असतो. पण कल्याणच्या फुटपाथवरचा डुप्लिकेट बूट म्हणजे खोटा. शब्द एकच, पण बाजार आणि कचेरी दोघांनी वेगळा वापरला.

'प्रत' हा शब्द संस्कृत 'प्रति'वरून. याचे दोन अर्थ आपण रोज वापरतो आणि लक्षात येत नाही. पुस्तकाच्या पाच प्रती, आणि उत्तम प्रतीचा तांदूळ. 'हुबेहूब'मध्ये अरबी 'हू' म्हणजे 'तो' हा शब्द दोनदा बसला आहे, तो तसाच तो. 'तंतोतंत' म्हणजे धाग्याला धागा. 'डिट्टो' इटलीकडचा, अर्थ 'वर सांगितले तेच'. आपल्या आज्या नातवाला 'डिट्टो बाप' म्हणतात तेव्हा त्यांना इटलीशी काही देणेघेणे नसते आणि अर्थ मात्र अचूक लागतो. लॅटिनमधला 'फॅक्सिमिली' म्हणजे 'तसेच कर'. फॅक्सचे मशीन आता दिसेनासे झाले, पण तो शब्द यातूनच निघाला होता. संविधानाची हाताने लिहिलेली मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत आहे. तिच्या अशाच हुबेहूब एक हजार प्रती डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागाने छापल्या. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचे अक्षर, नंदलाल बोस यांच्या चमूची चित्रे आणि शेवटी संविधान सभेच्या सदस्यांच्या सह्या. त्या सह्यांत बाबासाहेबांची सही आहे. मूळ पेटीजवळ आपल्यापैकी फार थोडे जातील. पण ती प्रत पाहणाऱ्याला बाबासाहेबांच्या सहीचे वळण दिसते ते नकलेमुळेच.

'झेरॉक्स'ची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती एका गरिबाच्या पोराची आहे. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांचे वडील न्हावी होते. ते आजारपणाने अंथरुणाला खिळले. आईला क्षय होता. मुलाने कोवळ्या वयापासून कामे करून घर चालवले, आणि आई गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे तो न्यूयॉर्कला एका कंपनीच्या पेटंट खात्यात लागला. तिथे कागदांच्या नकला कधी पुऱ्या पडत नसत. शिवाय स्वतःच्या अभ्यासासाठी ग्रंथालयात बसून पुस्तकांतील पानेच्या पाने हाताने उतरवून घ्यावी लागत. त्यात सांधेदुखी जडलेली. त्या दुखऱ्या अंगाने विचार केला की कागदाची नक्कल बटण दाबून का निघू नये?

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात भाड्याच्या एका खोलीत कार्लसन आणि त्यांचे मदतनीस ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला. घासल्यावर त्यात वीज साठते. काचेवर शाईने तारीख आणि जागेचे नाव लिहून वरून उजेड पाडला. उजेड लागला तिथली वीज गेली, अक्षरांच्या सावलीत होती ती राहिली. बारीक भुकटी टाकली तर ती फक्त अक्षरांना चिकटली. ती मेणकागदावर दाबून घेतली. ही पहिली झेरॉक्स. आज दुकानातील मशीन याच तत्त्वावर चालते, फक्त भुकटीच्या जागी टोनर आला. पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसन यांना नकार दिला. बाजारात चाललेले पहिले यंत्र आले ते १९५९ साली. म्हणजे खोलीपासून बाजारापर्यंत एकवीस वर्षे. ओली शाई आणि रसायने लागत नाहीत म्हणून ग्रीकमधले 'झेरोस' म्हणजे कोरडे आणि 'ग्राफीन' म्हणजे लिहिणे असे शब्द जोडून 'झेरोग्राफी' असे नाव दिले. कंपनीने त्याचे 'झेरॉक्स' केले. आपल्या दुकानातील मशीन बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचे असते, पण नाव मात्र तेच चिकटले, भुकटीसारखे. कार्लसन यांना पुढे अमाप पैसा मिळाला आणि त्यांनी तो बहुतांशी वाटून टाकला. रॉचेस्टर येथे १९६६ साली सुरू झालेल्या बौद्ध झेन केंद्रालाही त्यांनी मोठी मदत केली.

झेरॉक्स गावोगावी येण्याआधी काय होते, हे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. कोर्टाबाहेर टायपिस्ट बसत. मार्कशीट टाईप करून घ्यायची, दोन जास्त हव्या तर मध्ये कार्बन घालायचा, आणि मग 'ट्रू कॉपी' म्हणून राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का मिळवायचा. हा अधिकारी कुठे गाठायचा? आपल्या वस्तीत त्या वेळी अधिकारी कुठले? एखादा मुलगा शिकून मोठ्या हुद्द्यावर चढला की रविवारी सकाळी त्याच्या दारात कागद घेऊन रांग लागे. आम्ही स्वतः अशा रांगेत उभे राहिलो आहोत. त्या भाऊंच्या घरच्या ताई सगळ्यांना चहा देत, आणि भाऊ मूळ कागद आणि नक्कल ओळीला ओळ लावून पाहिल्याशिवाय सही करीत नसत. तेव्हा आम्हाला ते उगाच ताणतात असे वाटे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःच्या सहीने साक्षांकन करण्याची मुभा दिली आणि बहुतेक कामांपुरती ती रांग संपली.

आता त्या मुलीची हकिगत. बारावी झाली, नर्सिंगला जायचे आहे. जातीचा दाखला आहे, पण वैधता प्रमाणपत्र हवे. २००० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही पडताळणी आली. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कुळातला पुरावा असला की काम सोपे होते, कारण अनुसूचित जातींचा आदेश निघाला तो त्या तारखेला. धर्मांतर १९५६ चे. नवबौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या आणि केंद्राच्या १९९० पासून. म्हणजे घरात आपण बौद्ध, आणि पुराव्यासाठी जायचे जुन्या नोंदीपाशी.

तिच्या आजोबांचे नाव शाळेत पडले १९५१ साली. काही महिन्यांनी हुकले. पण आजीला आठवले की थोरले दीर आधी शाळेत जात होते, मुरबाड तालुक्यातल्या मूळ गावी. बापलेक तिथे गेले. शाळेतल्या बाईंनी धूळ झटकून जनरल रजिस्टर काढले. १९४६ सालची नोंद सापडली. आडनावाचा रकाना मोकळा. नावे दोन, मुलाचे आणि बापाचे. आणि दोन्ही नावे जशी आपल्या माणसांची तेव्हा लिहीत तशी. महादू नव्हे, म्हाद्या. धोंडू नव्हे, धोंड्या. गुरांना हाक मारावी तशी नावे शाईने रजिस्टरला लिहिलेली, आणि शेजारच्या ओळींत इतरांची नावे पूर्ण.

बाईंना ते पाहून संकोच वाटला असावा. उतारा लिहून देताना त्यांनी दोन्ही नावांतला 'या' गाळला आणि मागे 'राम' लावला. भावना चांगलीच होती. मुलीच्या वडिलांनाही बरे वाटले. कागद सादर झाला आणि दीड महिन्याने कचेरीतून त्रुटी निघाली. सोबत जोडलेल्या रजिस्टरच्या झेरॉक्समधील नाव आणि उताऱ्यातील नाव जुळत नाही. ती झेरॉक्सही पुसट होती. पुन्हा मुरबाड, पुन्हा शहापूर, पुन्हा दोन रोज बुडाले.

जुन्या कारकुनांत एक म्हण आहे, मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ कागदावर एक माशी चिरडून चिकटली होती, नक्कल करणाऱ्याने दुसरी माशी मारून आपल्या कागदावर त्याच जागी चिकटवली. ही म्हण आपण बिनडोक माणसाला हसायला वापरतो. त्या दिवसापासून आम्हाला त्या कारकुनाबद्दल आदर वाटू लागला आहे. माशी असावी की नसावी हे ठरवणे त्याचे काम नव्हते.

जुन्या दप्तरांत नकलेच्या खाली 'असल बरहुकूम' असा शेरा असे. 'असल' म्हणजे मूळ, झाडाची मुळी असते ती. बरहुकूम म्हणजे हुकमाप्रमाणे. आज तालुक्याच्या नकलेवर 'खरी नक्कल' असा शिक्का असतो. वाचताना हे दोन शब्द एकमेकांशी भांडतात असे वाटते, पण शिक्क्याचा अर्थ सरळ आहे. मूळ कागदात लिहिले ते खरे आहे असे तो म्हणत नाही. जे लिहिले ते असेच लिहिले आहे, एवढेच तो म्हणतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने सार्वजनिक कागदाची अशी नक्कल फी भरून मागण्याची सोय केली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही सोय राहिली आहे. माहितीच्या अधिकारातही प्रमाणित प्रत मागता येते. कारकुनाने तोंडी 'रजिस्टर नाही' म्हटले तर अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी नकाराची नक्कल निघत नाही.

अक्षराला अक्षर जुळले पाहिजे हा आग्रह योग्य, पण तो किती ताणायचा? आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेला निघाला आणि संबोधीच्या स्थळी गेला, हा त्याचा विषय. हाच लेख गुजरातेत गिरनारला आहे, ओडिशात धौलीला आहे, पार पाकिस्तानात शाहबाजगढीलाही आहे. एकच मजकूर दूरदूरच्या दगडांवर. नवव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्याजवळच भुईगावला १९५६ साली सापडला, धम्मदीक्षेच्याच वर्षी. पण या नकला तंतोतंत नाहीत. त्या त्या मुलखाची बोली त्यांत उतरली आहे. गिरनारला 'राजा' आहे, तर धौलीला 'लाजा'. आजची कचेरी असती तर म्हणाली असती, राजा आणि लाजा ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आणा. खुद्द अशोकाला हे ठाऊक होते. चौदाव्या लेखात तो मोकळेपणाने सांगतो की काही ठिकाणी लिहिणे अपुरे राहिले असेल आणि त्यात लिपिकाराचाही दोष असेल. बावीसशे वर्षांपूर्वी राजा आपल्या कारकुनाची चूक दगडावर कोरून ठेवतो. आमच्या पाहण्यात तरी कुठल्या कचेरीने असे केलेले नाही.

त्याहून मोठी गोष्ट सारनाथच्या स्तंभावर आहे. आपल्या आज्ञेची एक लिपी अधिकाऱ्यांच्या कचेरीत राहावी आणि अगदी अशीच दुसरी लिपी उपासकांपाशी ठेवावी, असे तिथे अशोकाने सांगितले आहे. उपासक म्हणजे घरदार करणारी साधी माणसे. भिक्षू नव्हेत, अमलदार नव्हेत. दर उपोसथाला येऊन त्यांनी ती समजून घ्यावी अशी अपेक्षा. बाकीचे लेख उघड्यावर आहेत, कोणीही पाहावेत. पण हुबेहूब एक प्रत लोकांच्या हाती असावी असे राजानेच म्हटलेले आम्ही प्रथम इथेच वाचले.

तर ती मुलगी दुसऱ्यांदा मुरबाडला गेली तेव्हा आम्हीही सोबत गेलो. बाईंनी या वेळी पाहून पाहून लिहिले. 'या'सकट. आडनावाच्या रकान्यात एक आडवी रेघ, कारण मूळ रजिस्टरला तशीच रेघ. खाली 'खरी नक्कल', सही, शिक्का. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला लिहवत नव्हतं हो." आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच काही.

कसाऱ्याला परतायला संध्याकाळ झाली. आजी दारातच बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. नातीला म्हणाल्या, "काय लिवलंय त्येच्यात, वाच." मुलगी सासऱ्यांच्या नावापाशी अडखळली, मग नीट नाव करून वाचू लागली. आजींना कळले. "अगं, लिवलंय तसं वाच." तिने वाचले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे तसंच. त्यांना कोन काय म्हनायचं त्ये तरी कळंल पुढच्यांना." आणि विचारले, कागद कचेरीत गेल्यावर आपल्याकडे काय राहणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दुकानात आली होती आणि तिने चार ओरिजिनल झेरॉक्स मागितल्या. तीन कचेरीसाठी. चौथी आजींच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, १९५६ साली सासऱ्यांनी नागपूरहून आणलेल्या पंचशीलाच्या कागदाशेजारी. प्रकरण अजून कचेरीत आहे. प्रवेशाची मुदत संपायला अठरा दिवस आहेत, आणि मुलीचे वडील येत्या सोमवारी पुन्हा रोज बुडवून चौकशीला जाणार आहेत.

आपल्या गावात नकलेला, उताऱ्याला आणखी कुठले शब्द आहेत ते पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात 'दाखला'. जयभीम.